हाडांचा क्षय : त्याची ओळख व निदान

क्षय हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. गाल बसलेला, खोकून खोकून थकलेला, थुंकींतून रक्त पडणारा मनुष्य, असें तें चित्र असतें. तें खोटें नाहीं; परंतु तें अपुरें आहे. ज्या जंतूमुळें फुप्फुसें पोखरलीं जातात, तोच जंतु कधीं कधीं हाडांत व सांध्यांत जाऊन बसतो. अशा रोग्यास पुष्कळदां खोकला नसतो, थुंकींत कांहीं सांपडत नाहीं, आणि आरंभीं तो दिसावयास धडधाकटहि असतो. त्याची पाठ मात्र दुखत असते, किंवा तो थोडासा लंगडत असतो. पाठदुखीवरून अथवा लंगडण्यावरून क्षयाची शंका कोणास सहसा येत नाहीं. म्हणूनच हा रोग ओळखला जातो तेव्हां बहुधा फार उशीर झालेला असतो.

हा उशीर टाळतां येण्यासारखा आहे, एवढेंच प्रस्तुत लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे. आम्ही वैद्य नव्हों, शिक्षक आहों. पण या रोगाचा पहिला संशय दवाखान्यापेक्षां घरांत व वर्गांत आधीं येऊं शकतो, आणि त्याचा शेवटचा पुरावा प्रयोगशाळेंत मिळतो. या दोन टोकांमधील वाट जितकी लवकर चालली जाईल तितकें रोग्याचें हित अधिक. वाट लांबली तर तेंच मूल जन्मभर कुबडें राहतें, किंवा अंथरुणास खिळतें. तेव्हां ही वाट कशी आहे, तें आपण क्रमानें पाहूं.

क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें शोधून काढला, व २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें त्यानें आपला शोध विद्वानांपुढें मांडला. त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ २४ मार्च हा जागतिक क्षयरोगदिन म्हणून पाळतात. फुप्फुसाचा क्षय झालेला मनुष्य खोकतो किंवा शिंकतो तेव्हां हे जंतु हवेंत उडतात व दुसऱ्याच्या श्वासावाटें आंत जातात. बहुतेकांच्या शरीरांत त्यांचा तेथेंच बंदोबस्त होतो. परंतु कांहीं जंतु रक्ताबरोबर वाहत जाऊन हाडांच्या आंतील मऊ भागांत मुक्काम करतात, व तेथें कित्येक वर्षें निपचित पडून राहूं शकतात. पुढें अपुरें अन्न, मधुमेह किंवा दुसरें एखादें मोठें दुखणें यांनीं शरीराची प्रतिकारशक्ति खालावली कीं ते जागे होतात. यावरून दिसून येईल कीं, हाडाचा क्षय ही पडल्याझडल्याची दुखापत नव्हे, कीं कोणाचा शापहि नव्हे. तो श्वासावाटें आलेल्या एका जंतूचा उशीरा उमटलेला परिणाम आहे.

क्षयाच्या शंभर रोग्यांत हाडांचे व सांध्यांचे रोगी सुमारें एक ते तीन असतात. हा आंकडा लहान वाटतो; पण मूळ संख्या मोठी असली म्हणजे लहान हिस्साहि मोठा होतो. २०२३ सालीं जगांत सुमारें १ कोटि ८ लक्ष लोक क्षयानें आजारी पडले, व त्यांपैकीं चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक एकट्या भारतांतील होते. त्यांत शेंकडा एक धरला तरी हाडांचे रोगी हजारोंनीं मोजावे लागतात. अशा रोग्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांचा रोग पाठीच्या कण्यांत असतो. त्याच्या खालोखाल खुबा व गुडघा हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें होत. १७७९ सालीं पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शस्त्रवैद्यानें कणा वांकून पाय लुळे पडलेल्या रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. म्हणून कण्याच्या क्षयास अद्यापि पॉटचा रोग म्हणतात. रोग मात्र त्याहून फार जुना आहे. ईजिप्त देशांतील सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या एका ममीच्या कण्यांतहि त्याच्या खुणा सांपडल्या आहेत.

कण्यांत हा रोग काय करतो तें नीट समजलें म्हणजे त्याचीं लक्षणें पाठ करावीं लागत नाहींत. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची उतरंड होय. दर दोन मणक्यांमध्यें कूर्चेची एक गादी असते. जंतु बहुधा या गादीलगतच्या दोन्ही मणक्यांच्या कडा पोखरूं लागतात. मणक्याचा पुढचा भाग पोकळ होऊन शरीराच्या भारानें दबतो. मागचा भाग तसाच राहतो. त्यामुळें कणा पुढें झुकतो व पाठीवर एक टेंगूळ उभें राहतें. हेंच कुबड. आंत पू जमतो. पण नेहमींच्या गळवाप्रमाणें ती जागा लाल होत नाहीं, तापत नाहीं, ठणकतहि नाहीं. म्हणून डॉक्टर त्यास थंड गळूं म्हणतात. हा पू स्नायूंच्या पदरांमधून खालीं उतरतो, आणि कमरेच्या मणक्यांत उगम पावलेलें गळूं कधीं कधीं जांघेंत वर येतें. मणक्यांच्या नळींतून मज्जारज्जु जातो. त्यावर दाब पडला कीं पाय जड होतात, चालतांना अडखळतात, आणि अखेरीस मलमूत्रावरील ताबाहि सुटतो. पहिल्या दुखण्यापासून येथवर येण्यास बहुधा कांहीं महिने लागतात. तेवढे महिने आपल्या हातीं असतात, हें ध्यानांत धरावें.

आतां आपल्या खानदेशाकडे वळूं. येथें पाठदुखी हें नवलाचें दुखणें नाहीं. कापसाची वेंचणी, केळीच्या घडांची वाहतूक, विटांच्या भट्ट्या, गुजराथेंतील ऊंसतोडणी, हीं सर्व पाठीवर होणारीं कामें. 'पाठ दुखस' असें म्हणत म्हणतच लोक दिवस ढकलीत असतात. चमक भरली, वात धरला, असें म्हणून कोणी बिब्बा घालतात, कोणी तेल चोळून घेतात, कोणी हाडवैद्याकडे जातात, तर कोणी पायाळू माणसाचा पाय पाठीस लावून घेतात. अलीकडे औषधांच्या दुकानांतून वेदना थांबविणारी गोळी आणण्याचा प्रघात पडला आहे. या लोकांस हंसण्याचें कारण नाहीं. बहुतेक पाठदुखी आपोआप बरी होते, व त्याचें श्रेय बिब्ब्यास किंवा पायाळूस मिळतें. मग पुढल्या खेपेस तोच उपाय आठवावा यांत नवल तें काय? धोका आहे तो जी पाठदुखी बरी होत नाहीं तिचा. पोखरलेल्या मणक्यावर जोराचा दाब पडला तर तो खचण्याचें भय असतें. आणि गोळीनें वेदना झांकली गेली तरी आंतील पोखरण चालूच राहतें.

मग साधी पाठदुखी व क्षयाची पाठदुखी यांत भेद कसा करावा? पहिला भेद काळाचा. साधी लचक दोन-तीन आठवड्यांत उतरणीस लागते. क्षयाचें दुखणें आठवड्यागणिक वाढत जातें. सहा आठवडे लोटूनहि जें दुखणें हटत नाहीं, त्याची तपासणी झालीच पाहिजे. दुसरा भेद जागेचा. सबंध पाठ भरून न येतां एकाच ठिकाणीं दुखतें, आणि त्या मणक्यावर बोटानें हलकेंच ठोकलें तर रोगी कळवळतो. तिसरा भेद विश्रांतीचा. कष्टाची पाठदुखी निजल्यावर शमते. ही रात्रीं अंथरुणावरहि सोडीत नाहीं. चौथा भेद सर्व शरीराच्या स्थितीचा. संध्याकाळची कणकण, रात्रींचा घाम, अन्नावरील वासना उडणें, वजन घटणें, हीं चिन्हें जोडीला असलीं तर संशय बळावतो. मात्र तीं नाहींत म्हणून क्षय नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. हाडांच्या कित्येक रोग्यांस ताप मुळींच येत नाहीं. घरांत किंवा शेजारीं कोणास पूर्वीं क्षय झाला होता काय, हेंहि आठवून पाहावें.

लहान मुलें आपलें दुखणें शब्दांनीं सांगत नाहींत. त्यांचें अंग तें सांगतें. येथें पालकांनीं व शिक्षकांनीं डोळे उघडे ठेविले पाहिजेत. जें मूल पूर्वीं मधल्या सुटींत धांवत असे, तें भिंतीशीं टेंकून बसूं लागलें, कवायतींत मागें राहूं लागलें, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं एक सोपी परीक्षा करावी. जमिनीवर पेन्सिल टाकून ती उचलण्यास सांगावें. निरोगी मूल पाठ वांकवून ती झटकन उचलतें. कण्याचा क्षय असलेलें मूल पाठ ताठ ठेवून गुडघे मोडतें, एक हात मांडीवर टेंकून खालीं जातें, व तसेंच मांडीवर हात देत उठतें. रोग मानेच्या मणक्यांत असेल तर मूल हनुवटीस हातांचा आधार देऊन बसतें, आणि बाजूस पाहतांना मान न वळवितां सबंध अंग वळवितें.

खुब्याचा क्षय तर याहून फसवा. आरंभीं तो थोड्याशा लंगडण्यानें प्रकट होतो. विशेष हा कीं, रोग खुब्यांत असतां मूल गुडघा दुखतो म्हणून सांगतें. मग गुडघ्याचें चित्र काढतात, तें निर्दोष निघतें, आणि सर्व निश्चिंत होतात. रात्रीं झोंपेंत स्नायू सैल पडले म्हणजे दुखरा सांधा हलतो व मूल किंचाळून जागें होतें. घरांत त्यास वाईट स्वप्न पडलें असें समजून दृष्ट काढतात; परंतु असें वरचेवर होऊं लागलें तर खुबा तपासून घ्यावा. गुडघ्याच्या क्षयांत सांधा सावकाश सुजतो व त्यावरील मांडी बारीक होत जाते. याखेरीज, महिनोन् महिने वाहणारी व भरून न येणारी जखम, आणि मानेंत, पाठींत वा जांघेंत न दुखतां वाढणारी गांठ, हींहि संशयाचीं चिन्हें होत. यांपैकीं एखादें चिन्ह दिसलें म्हणजे क्षय झालाच असें नव्हे. तपासणी करणें अवश्य झालें, एवढाच त्याचा अर्थ. पण पाय जड पडणें, मुंग्या येणें, चप्पल पायांतून नकळत निसटणें, लघवी तुंबणें, यांपैकीं कांहीं पाठदुखीबरोबर दिसूं लागलें तर मात्र एक दिवसहि न दवडतां रुग्णालय गांठावें.

येथवर संशयाची गोष्ट झाली. आतां निदानाकडे येऊं. विल्हेल्म राँटगेन यानें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं क्ष-किरण शोधून काढले, आणि जिवंत माणसाचें हाड पाहण्याची सोय झाली. आजहि पहिलें चित्र त्याच किरणांनीं घेतात. परंतु त्यास एक मर्यादा आहे. हाडांतील खनिज द्रव्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा नाहींसा होईपर्यंत साध्या चित्रांत बहुधा कांहीं दिसत नाहीं. म्हणून चित्र स्वच्छ निघालें व दुखणें मात्र चालूच राहिलें, तर तेवढ्यावर समाधान मानूं नये. चुंबकशक्तीनें चित्र घेणारें जें यंत्र, ज्यास एम. आर. आय. म्हणतात, तें मणक्यांतील बिघाड, आंतील पू व मज्जारज्जूवरील दाब हीं पुष्कळ आधीं दाखवितें.

रक्ताच्या तपासणीविषयीं लोकांत बराच गैरसमज आहे. रक्तकण नळींत किती वेगानें खालीं बसतात हें मोजतात. तो वेग वाढलेला असला तर शरीरांत कोठें तरी दाह आहे इतकेंच कळतें. कातडींत टोंचून करावयाची मांटूची चांचणी जंतु शरीरांत कधीं तरी शिरला होता एवढेंच सांगते, आणि आपल्या देशांत असे निरोगी लोक पुष्कळ आहेत. रक्तांतील प्रतिद्रव्यें पाहून क्षय ठरविणाऱ्या चांचण्या भरंवशाच्या नाहींत असें ठरल्यावर भारत सरकारनें २०१२ सालीं त्यांवर बंदी घातली. तात्पर्य, एका रक्ताच्या थेंबावरून हाडाचा क्षय ठरत नाहीं.

खरा पुरावा मिळतो तो रोगट जागेंतील नमुन्यांत. थंड गळवांतील पू सुईनें काढतात, किंवा यंत्रावर चित्र पाहत पाहत मणक्यांत सुई घालून हाडाचा बारीकसा तुकडा घेतात. हा नमुना तीन-चार प्रकारें तपासतात. सूक्ष्मदर्शकाखालीं जंतु दिसतात काय, हें प्रथम पाहतात. परंतु हाडांत जंतु थोडे असल्यामुळें ते पुष्कळदां दिसत नाहींत. नमुन्यांतील जंतु प्रयोगशाळेंत वाढवून पाहतां येतात. त्यास सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागूं शकतो. जंतूच्या अनुवंशिक द्रव्याचा शोध घेणारी जीन एक्सपर्ट ही चांचणी जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं मान्य केली. ती सुमारें दोन तासांत उत्तर देते, व रिफाम्पिसिन या मुख्य औषधास जंतु दाद देईल कीं नाहीं हेंहि सांगते. चौथ्या प्रकारांत तुकड्याचे पातळ काप करून क्षयाची विशिष्ट रचना पेशींत दिसते काय हें तज्ज्ञ पाहतात. एका चांचणीचें उत्तर नकारार्थी आलें तरी रोग नाहीं असें होत नाहीं. सर्वांचा मेळ घालून डॉक्टर निर्णय देतात.

चित्रावरून संशय बळावला असतां सुई घालण्याचा हा खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. त्याचीं दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं, क्षयासारखीं दिसणारीं दुसरीं दुखणीं आहेत. साध्या पू करणाऱ्या जंतूंनीं मणका सडतो. मात्र तेथें बहुधा ताप जोराचा असतो व दुखणें झपाट्यानें वाढतें. गुरांच्या संसर्गानें व न तापविलेल्या दुधानें होणारा ब्रुसेला जंतूचा रोगहि कण्यांत बसतो. दुसऱ्या अवयवांतील कर्करोग मणक्यांत उतरतो, तेव्हां मधली गादी बहुधा शाबूत राहते. अशा रोग्यास वर्षभर क्षयाचें औषध दिलें तर खरा रोग तेवढें वर्ष आंत माजत राहील. दुसरें कारण, नेहमींच्या औषधांस दाद न देणारा क्षय हल्लीं आढळतो, व तो नमुन्यावांचून वेळीं ओळखतां येत नाहीं. सुई घातली तर पाय जातील, अशी भीति पुष्कळांस वाटते. अनुभवी हातीं हा धोका फार अल्प आहे, आणि निदानावांचून बसून राहण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. क्वचित् नमुना मिळणेंच शक्य नसतें. तेव्हां लक्षणें व चित्रें यांवरून औषध सुरू करतात, व गुण येतो कीं नाहीं यावर बारीक नजर ठेवतात.

यासाठीं मुंबई-पुणें गांठलेंच पाहिजे असें आतां राहिलें नाहीं. धुळें येथें श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, व २०१८ सालीं जळगांवासहि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. गांवाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संशय कळविला तर पुढची वाट तेथून दाखविली जाते. क्षयाचीं औषधें सरकारकडून विनामूल्य मिळतात. रोग्याच्या पोषणासाठीं एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यांत येऊं लागले, व नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. ऊंसतोडणीस अथवा मजुरीस परमुलखांत जावें लागलें तरी औषध तोडण्याचें कारण नाहीं. आपली नोंद दाखवून तें दुसऱ्या जिल्ह्यांत वा प्रांतांतहि घेतां येतें.

पूर्वीं औषध नव्हतें तेव्हां अशा रोग्यांस महिनोन् महिने प्लास्टरमध्यें जखडून, मोकळ्या हवेंत व उन्हांत निजवून ठेवीत. मिरज येथें व आंध्रांतील मदनपल्लीजवळ मिशनांनीं क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधामें चालविलीं, तीं याच काळांत. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, त्यामागून आणखी औषधें आलीं, आणि चित्र पालटलें. आज बहुतेक रोगी शस्त्रक्रियेवांचून केवळ औषधांनीं बरे होतात. मुदत मात्र लांब असते; फुप्फुसाच्या क्षयास सामान्यतः सहा महिने, तर हाडाच्या क्षयास निदान बारा महिने, व कधीं त्याहून अधिक. कांहीं आठवड्यांत दुखणें थांबतें, भूक लागते, आणि रोगी गोळ्या बाजूस ठेवतो. येथेंच पुष्कळांचा घात होतो. दुखणें थांबणें व रोग जाणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

शेवटीं लाजेविषयीं दोन शब्द. मुलीचें लग्न मोडेल, शेजारी पाणी देणार नाहींत, या भयानें कित्येक घरें हा रोग लपवितात. वस्तुतः ज्याचा क्षय केवळ हाडांत आहे, त्याच्या श्वासानें तो दुसऱ्यास होत नाहीं. त्याचें ताट वेगळें करण्याची गरज नाहीं. घरांत दुसरें कोणी खोकत असेल तर त्याची थुंकी मात्र अवश्य तपासावी. हा रोग केवळ दरिद्र्यांचा असेंहि नाहीं. प्रसिद्ध नट अमिताभ बच्चन यांस २००० सालीं कण्याचा क्षय झाला होता. पूर्ण मुदत औषध घेऊन ते बरे झाले, व पुढें मुंबईंत क्षयनिवारणाच्या कार्यांत त्यांनीं स्वतःच ही हकीकत लोकांस सांगितली. इतक्या मोठ्या मनुष्यास जें सांगण्यास संकोच वाटला नाहीं, तें आपण कां लपवावें?

आमच्या विद्यार्थ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. सुटींत घरीं जाल तेव्हां आजी, काका, धाकटा भाऊ, कोणाची पाठ किती दिवसांपासून दुखते आहे हें सहज विचारा. दिवस मोजा, दुखतें त्या जागेवर त्यांस बोट ठेवावयास सांगा, चालणें पाहा. सहा आठवडे लोटले असतील, तर बिब्ब्याची पुडी बाजूस ठेवून त्यांस आरोग्य केंद्रांत घेऊन जा. आणि चित्र निघाल्यावर डॉक्टरांस नम्रपणें विचारा कीं, नमुना तपासावयाचा कीं नाहीं? एवढा प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर एखादें मूल पुढील वर्षीं आपल्या पटांगणावर पुन्हां धांवतांना दिसेल.